चार सेकंदांची रिकामी जागा

झरी, सोमवार, भर दुपार
जावक क्रमांक : एक

तीर्थरूप अनंतमामांच्या पायांवर पंकजाचं डोकं.

वर जावक क्रमांक मुद्दाम टाकला आहे, म्हणजे 'असं काही पत्र आलंच नाही' असं म्हणायला तुम्हाला जागा राहू नये. चौतीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे बसलेल्या माणसाला लिहायचं तर एवढी खबरदारी घ्यावीच लागते. इकडे सगळे खुशाल. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची चौकशी करत नाही, त्याची कैफियत मागच्या भेटीत पूर्ण ऐकली आहे.) दारातल्या पेरूला यंदा किती आले आणि त्यातले शेजाऱ्याने किती नेले, तेही सवडीने कळवा. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी फोन असतो की. असतो. पण फोनवर बोललेलं माणूस नाकबूल करतो, लिहिलेलं नाकबूल करता येत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं. दुसरं कारण असं की गेल्या महिनाभरापासून मला माझ्याच आवाजाची भीती वाटायला लागली आहे. हसू नका. पुढे वाचा, आणि बसून वाचा.

मी परभणीला काय शिकते हे तुम्हाला एकदा नीट सांगायला पाहिजे, कारण निम्म्या झरीला वाटतं मी टीव्हीवर बातम्या सांगणार आहे आणि उरलेल्या निम्म्या झरीला वाटतं मी मोबाइल दुरुस्ती शिकायलेय (त्यांनी दिलेले चार हँडसेट अजून माझ्या कपाटात पडून आहेत). तर मी जनसंवाद आणि पत्रकारितेत एम.ए. करायलेय, दुसरं वर्ष आहे, आणि मी खास विषय म्हणून रेडिओ घेतलाय. आमच्या धम्मशीला मॅडमनी सगळी हयात रेडिओत काढली. त्यांचा आवाज इतका भारदस्त आहे की त्या नुसतं 'खिडकी लावा' म्हणाल्या तरी देशावर काहीतरी संकट आल्यासारखं वाटतं. त्यांनी श्रावणात आम्हाला प्रकल्प दिला, राखीव श्रद्धांजलीचा. म्हणजे काय, तर वर्तमानपत्रवाले आणि रेडिओवाले मोठ्या माणसांच्या मृत्यूची बातमी ती माणसं धडधाकट असतानाच लिहून ठेवतात. ऐन वेळी धावपळ नको म्हणून. हे ऐकून आमचा वर्ग जरा गार पडला. मॅडम म्हणाल्या, तुमच्या ओळखीत मोठी माणसं नाहीत हे मला माहीत आहे, तेव्हा आपापल्या भागातली जाणती माणसं घ्या, प्रत्येकी चार, तीन-तीन मिनिटांची ध्वनिफीत. (टेप आता कुठेच नसते, सगळं कॉम्प्युटरवर, पण मॅडम फीतच म्हणतात.) अट अशी की तपशील एकूण एक खरा पाहिजे, दोन माणसांकडून पडताळलेला. आणि पहिल्या वाक्यात वाराच्या जागी चार सेकंद गप्प बसायचं. 'अमुक यांचं', मग चार सेकंद काही नाही, मग 'निधन झालं'. वेळ आली की तेवढ्या जागेत वार भरून टाकायचा.

आता आपल्या घरात मृत्यूच्या बातमीचं नाव काढायची सोय नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको, पण नोंद असावी म्हणून लिहिते. अकरा वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा आईने पेपरला बातमी दिली. पेपरवाल्यांनी जागा कमी पडली म्हणून शेवटची ओळ कापली, आणि नेमके तुम्ही त्या ओळीत होतात. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'त्यांच्या पश्चात मुलगी, जावई, नात असा परिवार आहे.' तुम्ही दहाव्याला तो पेपर घडी घालून खिशात ठेवलात, आईला म्हणालात, "मी कागदावर न्हाई, म्हंजी मी न्हाईच," आणि ते शेवटचं बोलणं. पेपरला तुम्ही सतरा पत्रं पाठवलीत, सगळी रजिस्टर पोस्टाने. खुलासा काही छापून आला नाही. आईने त्यांना दिलेला मजकूर मी पाहिला आहे. तिच्या अक्षरात तुमचं नाव आहे, हुद्द्यासकट. तो कागद तिने डब्यात ठेवलाय. पण तुम्ही कधी विचारलं नाही.

असो. मी चार माणसं निवडली. पहिले बन्सीधर गुरुजी, ज्यांनी मला बाराखडी शिकवली. गुरुजींना मी घाबरत घाबरत सांगितलं, तर त्यांनी चष्मा लावून माझा मजकूर मागितला, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि 'मनमिळाऊ' हा शब्द काढून टाकला, म्हणाले की खोटं कशाला. दुसऱ्या आमच्या गल्लीतल्या दगडाबाई. अर्ध्या झरीची बाळंतपणं त्यांच्या हातची. त्यांनी तोंड धुऊन, नवं लुगडं नेसून पूर्ण तीन मिनिटं स्वतःची श्रद्धांजली ऐकली आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लय चांगली व्हते की गं मी." तिसरे तुम्ही. आता रागावू नका. रेल्वेच्या आठवणी म्हणून मी तुमच्याकडून जे सगळं लिहून घेतलं, रुजू झाल्याच्या तारखेपासून, ते यासाठी होतं. चौथं नाव पुढे येईल.

आमचा स्टुडिओ म्हणजे कॉलेजची जुनी स्टोअर रूम. आवाज घुमू नये म्हणून मॅडमनी प्रत्येकाच्या घरून एक जुनी गोधडी मागवली आणि चारी भिंतींवर खिळ्यांनी ठोकली. आईने दिली ती आजीच्या लुगड्यांची. तुम्हाला आठवत असेल, हिरव्या आणि जांभळ्या पट्ट्यांची, मधे तुमच्या शाळेच्या शर्टाचा तुकडा असलेली. ती नेमकी माइकच्या समोर लागली. दार लावलं की त्या खोलीत आवाज मरून जातो. बाहेर ऑटो, कॉलेजचा पंप, उन्हात ओरडणारी पोरं, आणि आत आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं. तिथे चार सेकंद गप्प बसायचं म्हणजे किती वेळ ते बसल्याशिवाय कळणार नाही. मी समोरच्या गोधडीतल्या शर्टाच्या तुकड्याकडे बघून मनात मोजायची.

फिती तपासायचा दिवस बुधवार होता. दुपारी बाराला मी कानाला हेडफोन लावले आणि गुरुजींची फीत ऐकली. 'बन्सीधर गुरुजी यांचं आइतवारी सकाळी निधन झालं.' आवाज माझा. ठसका माझा, 'स' थोडा जाड होतो तोही माझा. पण मामा, मी जन्मात कधी आइतवार म्हटलेलं नाही. मी रविवार म्हणते, आई रविवार म्हणते, तुम्ही तर तारीखच सांगता. आपल्या घरात आइतवार म्हणणारं एकच माणूस होतं, आणि ते अकरा वर्षांपूर्वी गेलं.

मला आधी वाटलं हे सारंगचं काम. सारंग म्हणजे माझ्या वर्गातला, हेच पत्र घेऊन तुमच्यासमोर उभा असेल तो. दुसऱ्याच्या फितीत कुत्र्याचं भुंकणं घालण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याने आईची शपथ घेतली, तरी मी त्याला दोन दिवस शिव्या दिल्या. मॅडमनी फीत ऐकली आणि म्हणाल्या, उच्चार छान, गावरान, पण जागा मोकळी ठेवायची होती, दोन गुण कमी. रविवारी सकाळी गुरुजी अंघोळ करून, गंध लावून खुर्चीत बसले आणि तसेच गेले. वय एक्क्याण्णव. झरीत कुणालाच नवल वाटलं नाही. मी मात्र मौतीला गेले आणि लोकांच्या मागे उभी राहून थरथर कापत होते, तर सगळे म्हणाले, पोरीचा लय जीव होता गुरुजींवर.

त्यानंतर मी दगडाबाईंची फीत उघडली. 'शुक्करवारी, चहाच्या वेळेला.' मी तेवढा तुकडा कापला, त्या जागी कोरी शांतता बसवली, साठवलं, पुन्हा ऐकलं. शुक्करवारी, चहाच्या वेळेला. अख्खी फीत उडवली. दुसऱ्या दिवशी ती जागच्या जागी होती. मग मी शुक्रवारी कॉलेज बुडवलं आणि सकाळी सातपासून दगडाबाईंच्या ओसरीत ठाण मांडून बसले. त्यांना आडाकडे जाऊ दिलं नाही, जिना चढू दिला नाही, शेळी सोडायला निघाल्या तर मीच सोडून आले. त्या मजेत होत्या. मी पालथी कशी जन्मले आणि आई कशी ओरडली, ते त्यांनी मला साग्रसंगीत सांगितलं. चार वाजले तेव्हा मला चहाचा विसर पडला होता, खरं सांगते. त्या म्हणाल्या, "पोरी, सकाळधरनं बसलीस, जा आत, घोटभर च्या टाक." मी आत गेले आणि चहा टाकला. उकळी यायच्या आत सगळं झालं होतं. मामा, तेव्हापासून मला चहा जात नाही. आईने विचारलं तर पित्ताचं कारण सांगितलं.

आता तुमची शंका मला इथे बसून ऐकू यायलीय. नव्वदीची माणसं जाणारच, योगायोग. मीही तसंच म्हणाले असते, पण सारंगचं प्रकरण ऐका. सारंग मुळात आळशी. त्याने देवगाव फाट्यावरचे हॉटेलवाले वैजीनाथ निवडले, कारण तिथे बसून भजी खाता येतात. त्याने त्यांना काही विचारलं नाही, पडताळलं नाही, भज्यांच्या कागदावर मजकूर लिहिला. त्यात ठोकून दिलं की वैजीनाथांनी उभ्या जन्मात फाटा सोडला नाही. खरं तर तो माणूस तरुणपणी सहा वर्षं ऊसतोडीला कर्नाटकात जात होता. सारंगच्या फितीत सारंगच्या आवाजात मंगळवार आला. मंगळवारी आम्ही दोघं सकाळपासून हॉटेलात बसून. मी घड्याळाकडे बघायलेय, सारंग भजी खायलाय, प्लेटवर प्लेट खायलाय. साडेअकराला वैजीनाथ रोजच्या स्टुलावर गल्ल्याशी बसलेले. तेवढ्यात एक ट्रकवाला चटणीवरून काहीतरी बोलला, ते तरातरा उठून त्याच्याशी भांडायला गेले, आणि वरच्या पत्र्याचा लोखंडी अँगल सुटून बरोबर स्टुलावर आला. स्टुलाचे दोन तुकडे झाले. वैजीनाथ शाबूत. त्यांनी ट्रकवाल्याला फुकट जेवू घातलं आणि आम्हाला म्हणाले, "तुमी दोघं कामून रडायलाव?"

कॉलेजला परतताना बसमध्ये मला उलगडा झाला. गुरुजींचा आणि दगडाबाईंचा तपशील मी दोन-दोन माणसांकडून पडताळला होता, त्यात खोट नव्हती. सारंगच्या फितीत एक वाक्य खोटं होतं. जिथे एक वाक्य चुकतं तिथे वेळही चुकते. मी लगेच स्टुडिओत जाऊन माझ्या उरलेल्या फितीत खोटं घालायला बसले. तुम्हाला मी आधी जिल्हाधिकारी केलं, मग पहिलवान केलं. ऐकायला गेले की पुन्हा चुडाव्याचे तिकीट बाबू. फीत आपली आपणच दुरुस्त व्हायली. (तुमच्या सतरा पत्रांना दाद न देणारा पेपर असा असता तर!) मॅडमना सांगितलं, त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, तू घरी जाऊन आराम कर. पण जाता जाता माझ्या गोधडीवर दुसरी गोधडी लावायला शिपायाला सांगताना मी त्यांना ऐकलं.

म्हणजे बोललेलं वाक्य बदलत नाही. बदलायची तर ती गोष्टच बदलायला पाहिजे. आता तुमच्या फितीचं सांगते आणि घाबरू नका. त्यात आलाय बेस्तरवार. हा येणारा गुरुवार. म्हणून मी तुमची तीन मिनिटं कागदावर उतरवून एकेक वाक्य तपासलं की यातलं काय तीन दिवसांत खोटं पाडता येईल. जन्म चुडाव्याचा, त्याला इलाज नाही. नोकरी चौतीस वर्षं, एकही दिवस उशीर नाही, तेही घडून गेलं. 'ते अविवाहित होते.' यावर मी बराच विचार केला. पण सदुसष्टाव्या वर्षी, गुरुवारच्या आत, तुमचा स्वभाव माहीत असणाऱ्या पंचक्रोशीत, कोण मुलगी देणार? 'त्यांनी कधी फोटो काढून घेतला नाही.' हे सोपं वाटलं म्हणून सारंगला मोबाइलवर तुमचा फोटो काढायला सांगितलं आहे, पण तुम्ही तोंड फिरवाल हे मला माहीत आहे. 'त्यांनी कधीही चूक कबूल केली नाही.' हे वाक्य मॅडमना फार आवडलं होतं. असं सगळं आहे. यातलं काय खोटं पाडायचं ते तुम्हीच ठरवा, पण बुधवार संपायच्या आत ठरवा.

गुडघ्याला तेल लावत जा. पेरू कच्चे खाऊ नका. आईचा नमस्कार लिहू का असं तिला विचारलं नाही, कारण हे पत्र मी लिहायलेय हे तिला ठाऊक नाही. ती ओसरीत शेंगा फोडत बसलीय.

आपली भाची,
पंकजा

ता. क. : तुमच्या फितीतलं एक वाक्य मी वर गाळलं. ते असं आहे : 'सख्ख्या बहिणीशी ते अखेरपर्यंत बोलले नाहीत.' हे खोटं पाडायला लग्न नको, फोटो नको. तुमच्या त्या बटणांच्या फोनवर दहा आकडे दाबायचे. ती दर दिवाळीला तुम्हाला फोन करते आणि तुम्ही नंबर बघून वाजू देता, हे आम्हाला माहीत आहे. यंदाच्या भाऊबीजेलाही तिने गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात, मामा. तिला भाऊ आहे. मला त्या रात्री तुमचा इतका राग आला की ही फीत गुरुवारी खरी झाली तर होऊ दे, असं क्षणभर वाटलं. त्याची माफी मागते.

ता. क. दोन : वरचं सगळं लिहून पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. तुम्हाला मी ओळखते. तुम्ही घाबरून फोन करणारे नाही. तुम्ही गुरुवारी घड्याळ आणि वही घेऊन स्टेशनच्या बाकावर जाऊन बसाल, मरण वेळेवर येतं की लेट, याची नोंद करायला. म्हणून आता खरं सांगते. तुमच्या फितीत काही नाही. चार सेकंद आहेत आणि ते कोरे आहेत, मी शंभर वेळा ऐकले. बेस्तरवार आलाय तो चौथ्या फितीत. चौथं नाव वर लिहायला गेले तेव्हा अक्षर हलायला लागलं, म्हणून तुमच्या नावावर ढकललं. शिक्षिका, एकोणतीस वर्षं सेवा, एक मुलगी. तिचंही एकेक वाक्य तपासलं. तिने सगळं करून ठेवलंय, त्यात बदलण्यासारखं एकच आहे, आणि ते तिच्या हातात नाही. 'सख्ख्या भावाने त्यांच्याशी अखेरपर्यंत अबोला धरला.'

ता. क. तीन : ती फोन उचलेल. तुमचा नंबर बघून तिला लगेच बोलता येणार नाही. चार सेकंद काहीच ऐकू येणार नाही. फोन ठेवू नका.